वजन वाढलेला डबा

वडील अमेरिकेत, जर्सी सिटीत एका गोदामात खोकी उचलायचे. आई आयसेलिनला साडीच्या दुकानात दिवसभर उभी असायची. तळघरातल्या एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. पदवी घेतली, पोलिसात गेलो, पुढे डिटेक्टिव्ह झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण सगळ्या नोकरीत ज्या एका केसपुढे मी अवाक झालो, ती काही केल्या मनातून जात नाही.

साल दोन हजार पाचच्या आसपासचं. आमच्या हद्दीतल्या रायफल क्लबवर एका निवृत्त मेकॅनिकच्या हातात रायफल फुटली. हात भाजला, एका डोळ्यात धातूचा कण गेला. काडतुसं त्याला भेट मिळाली होती. देणारा त्याचा जुना मित्र, पार्सिपनीत राहणारा निवृत्त मराठी इंजिनिअर. त्यांना मी इथे काका म्हणतो. काका काडतुसं घरी स्वतः भरत. क्लबच्या निवडणुकीवरून दोघांचा चार महिने अबोला होता, तो मोडायला ही भेट दिलेली. दुसऱ्या दिवशी क्लबमधल्या एकाने ठाण्यात फोन करून सांगितलं, अपघात म्हणून सोडू नका, भांडण तपासा.

काका बोलावल्याबरोबर आले. मी त्यांचे कायदेशीर हक्क वाचून दाखवले.

"आपल्यातला पोरगा, आणि मला इंग्रजीत दम देतोस?" ते म्हणाले.

दम नाही, नियम आहे, असं मी सांगितलं. नियम म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी मला त्यांचे नियम ऐकवले. काडतुसात भरायच्या पावडरी अनेक असतात. दिसायला सगळ्या सारख्या, काळ्या, बारीक काड्यांच्या. पण एक सावकाश जळते, दुसरी भसकन. सावकाश जळणारीच्या जागी दुसरी गेली, की रायफल फुटते. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा. प्रत्येक मात्रा काट्यावर तोलायची, वहीत लिहायची. उरलेली पावडर त्याच डब्यात परत, आणि डब्यात किती शिल्लक, तेही वहीत.

ती वही मी पाहिली. अठरा वर्षांच्या नोंदी, एकही खाडाखोड नाही. माणूस इतका नेटका असू शकतो, यावर माझा विश्वास बसेना.

आणि तोच नेटकेपणा त्यांच्यावर उलटला. प्रयोगशाळेने उरलेली काडतुसं उघडली. प्रत्येकातलं वजन बिनचूक, पण पावडरी दोन प्रकारच्या, एकत्र केलेल्या. माझे सार्जंट म्हणाले, एवढा काटेकोर माणूस चुकत नसतो, त्याने मुद्दाम केलंय. आरोप सिद्ध झाला असता तर त्या वयात काका तुरुंगात गेले असते. मी पुन्हा चौकशी केली, तर या वेळी काका गप्प. पावडर कशी मिसळली, विचारलं. "माझ्या टेबलावर झालं, जबाबदारी माझी," एवढंच. निर्दोष माणूस इतकं कमी बोलत नाही, असं मला तेव्हा वाटलं.

झडतीचं वॉरंट घेऊन आम्ही घरी गेलो. काकूंनी, नको म्हटलं तरी, चहा टाकला. साखरेच्या डब्यात अर्धी साखर होती, ओट्यावर दुसरा अर्धा डबा. बोलता बोलता त्यांनी एकातली दुसऱ्यात ओतली आणि रिकामा डबा धुवायला टाकला.

"अर्धे अर्धे डबे उगाच जागा अडवतात बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

माझा कप हातातच राहिला. मी विचारलं, "काकू, दिवाळीची साफसफाई तळघरातही केलीत का?"

"केली की. यांचं कपाट म्हणजे नुसता पसारा. दोन काळे डबे, दोन्हींत तेच. केला एक."

रिकामा डबा त्यांनी फेकला नव्हता. गॅरेजमध्ये सापडला, त्यात मेथीचं बी. झाकणाच्या आट्यांत पावडरीचे कण अजून अडकलेले होते. तळघरातला भरलेला डबा काट्यावर ठेवला. वहीतल्या शिलकेपेक्षा त्याचं वजन जवळजवळ दुप्पट भरलं.

ठाण्यात हे काकांसमोर ठेवलं. मग मी विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रायफल फुटली त्याच संध्याकाळी डबा तोलला मी. भरण्याआधी तोलायला हवा होता. नुसता उचलला तरी हाताला जड लागायला हवा होता. शेजारचा डबा जागेवर नाही, हेही दिसायला हवं होतं. चूक माझीच आहे. तिला सांगू नका. एका माणसाच्या डोळ्यावर आपल्यामुळे बेतलं, हे घेऊन ती जगू शकणार नाही."

मी कबुलीजबाब पुष्कळ लिहून घेतलेत. दुसऱ्याचा अपराध अंगावर घेणारे पैशासाठी घेतात किंवा भीतीने घेतात. हा माणूस मात्र वजनाचा हिशेब मांडल्यासारखा शांतपणे तुरुंगात जायला बसला होता. मी उठून उभा राहिलो, का ते सांगता येत नाही.

अहवाल मला खराच लिहावा लागला, त्यामुळे काकूंना कळलंच. त्या रडल्या, मग साडी बदलून हॉस्पिटलमध्ये गेल्या आणि त्या मित्राला आपल्या मोडक्या इंग्रजीत सगळं स्वतः सांगितलं. तो म्हणाला, माझी बायकोही माझं कपाट आवरते, म्हणून मी त्याला कुलूप लावतो. दुसऱ्या दिवशी त्याने काकांना बोलावून घेतलं.

त्या केसने मला शिकवलं ते एवढंच. काटेकोर माणसाची चूक शोधायची तर त्याच्या टेबलावर नाही, टेबलाबाहेर शोधावी. आणि गप्प बसलेला प्रत्येक जण गुन्हाच लपवत असतो असं नाही.

सरकारी वकिलांनी केस अपघात म्हणून बंद केली. काकांवर आरोप ठेवला गेला नाही. मित्राचा डोळा वाचला. काकांच्या कपाटाला कुलूप लागलं.