हरणाशिवायचा शर्ट

आमच्या ह्यांच्या, म्हणजे जोतिरामच्या अंगावर कुठल्याही कंपनीचं चिन्ह तुम्हाला दिसणार नाही. सोलापुरात आमचं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस साधा आहे. साधा कसला? डूख धरून बसलेला माणूस आहे.

मी एकदा फिरायला जायला म्हणून छातीवर चिन्ह असलेला टीशर्ट आणला. सकाळी बघते तर चिन्ह उसवलेलं, नुसती टाक्यांची भोकं. "आपल्या घरात हे चालत न्हाय," एवढंच म्हणाले. मी आठवडाभर अबोला धरला, पण त्यांना त्याचं काही नाही.

कारण घरात सगळ्यांना पाठ आहे. ह्यांच्या थोरल्या बहिणीचं, दुर्गाक्कांचं लग्न. माझे सासरेही शिंपीकामच करायचे. जावयाचा पोशाख त्यांनी स्वतःच्या हातानं शिवला. जावई शहाजीराव, श्रीपूरला साखर कारखान्यात नोकरी. जानवसघरात त्यांनी तो शर्ट उलटासुलटा करून पाहिला आणि सासऱ्यांच्या पायाशी टाकला.

"ह्याच्यावर कंपनीचं काय बी न्हाय. मी काय गडी हाय व्हय तुमचा?"

मुहूर्त थांबला. सासरे नवी पेठेत पळाले आणि खिशावर कंपनीचं हरीण असलेला शर्ट घेऊन आले. घामानं भिजलेले, हात जोडून मांडवात उभे राहिले, आणि वऱ्हाडी हसत होते. हे सांगताना ह्यांचा आवाज अजून बदलतो.

पुढं कानपिळी आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाचे कपडे घ्यायचे. ह्यांनी असा पिळला की नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. मानात मिळालेला टीशर्टही हरणाचाच होता. तो तिथंच मांडवात फेकला. त्या दिवसापासून अंगावर चिन्ह नाही आणि शहाजीरावांच्या उंबऱ्यावर पाय नाही. सासऱ्यांनी नंतर कुठल्याच नवरदेवाचे कपडे शिवले नाहीत, आणि थोड्याच वर्षांत ते गेले.

यंदा भाचीचं, दुर्गाक्कांच्या सोनमचं लग्न ठरलं. देवकाला बसताना मुलीच्या आईबापानं मामानं आणलेले कपडेच अंगावर घालायचे, ही आमची रीत. ह्यांनी अक्कांना भारीतलं इरकली लुगडं घेतलं आणि दाजींसाठी पांढरा शर्ट शिवायला घेतला. खिसा कोरा, कॉलर कोरी. मशीनवर बसून गुणगुणत होते. खरं सांगते, मलाही गोड वाटत होतं. कधी एकदा तो दिवस उजाडतोय असं झालं होतं.

कार्यालयात कारखान्याची साहेबमंडळी बसलेली. शहाजीराव छातीवर मोठं चिन्ह असलेलं जाकीट घालून मिरवत होते. आहेराची पिशवी उघडली आणि त्यांचं तोंड उतरलं.

"साधाच?"

"साधाच हाय की, दाजी," हे म्हणाले. "घाला."

"मी असलं न्हाय घालत."

भटजी घड्याळाकडं बघायला लागले. नवं लुगडं नेसून पाटावर बसलेल्या दुर्गाक्का तेवढ्यात उठल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"माज्या बाला तुमी मांडवात हात जोडून उभं केलंत. आज तुमी उभं राव्हा. हा शर्ट घातल्याबिगर माज्या शेजारी बसायचं न्हाय."

साहेबमंडळी बघत होती. शहाजीराव खोलीत गेले आणि शर्ट घालून आले. मान खाली, बटणं वरखाली लागलेली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसले, आणि लपवलं नाही.

देवक झालं तसे हे अक्कांच्या पाया पडायला गेले. चेहरा नुसता फुललेला.

"अक्का, बाचं फेडलं बग."

अक्कांनी ह्यांना खांद्याला धरून उठवलं.

"शर्टाचं फेडलंस. पर तू ज्या घराशी रुसलास, त्या घरात मी होते, जोती. बा गेल्यावर पंचमीला, दिवाळीला शेजारणींचे भाऊ न्यायला यायचे आन मी दारात उभी राहायची. एकदा बी आला न्हाईस. ते मी कुणाकडनं फेडून घेऊ?"