कंसातलं वाक्य

आमच्या वडशाच्या कोडिंग क्लासमधून प्रोग्रामर किती निघतील ते कंपन्या ठरवतील, किस्से मात्र रोज निघतात. दहा ते पाच, पूर्णवेळ कोर्स. बारावी झालेल्या कुणीही यावं, कॉम्प्युटर चालू करण्यापासून शिकावं आणि शेवटी कुठेतरी ट्रेनी म्हणून चिकटावं, अशी योजना. मी शिकवते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे हरवलेले स्वल्पविराम शोधते. घरी गेले की नवरा आधी "आज काय झालं?" विचारतो, चहाचं नंतर.

* * *

वनिता कुरखेड्याकडच्या खेड्यातून एसटीने येते. एकदा थेट दुपारी उगवली. म्हणाली, "रस्त्यावर हत्ती होते मॅडम."

आमच्या जंगलपट्ट्यात हे कारण चालतं, पण हेड ऑफिसला पुरावा लागतो. वनितानं बसमधून काढलेला फोटो पाठवला. उलट उत्तर आलं, "फोटो हललेला आहे. स्पष्ट फोटो जोडावा."

वनिता म्हणाली, "त्यायले सांगा मॅडम, हत्ती हलून राह्यला होता, बस हलून राह्यली होती, अन् मी त सगळ्यात जास्त."

मी हे जसंच्या तसं टाइप करून पाठवलं. तेव्हापासून हत्तींचा पुरावा कुणी मागितलेला नाही.

* * *

इरफानचे अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करतात. मुलगा दिवसभर खुर्चीवर बसून नेमकं काय शिकतो, हे बघायला ते एकदा दुकान बंद ठेवून आले. इरफाननं खास त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला होता. बटण दाबलं की स्पीकरमधून सलाम.

कॉम्प्युटर म्हणाला, "अस्सलामु अलैकुम." अब्बांनी खुश होऊन उत्तर दिलं. कॉम्प्युटरनं पुन्हा सलाम केला. पोरानं लूप थांबवायची अट लिहिलीच नव्हती. सलामाला उत्तर न देणं अब्बांना जमेना. ते देत राहिले, इरफान घामाघूम होऊन बटणं दाबत राहिला, आणि आम्ही सगळे तोंडावर रुमाल धरून बसलो.

शेवटी अब्बा म्हणाले, "बेटा, लडका बहुत तमीजवाला बनाया तूने. अब इसको चुप कर, मेरेको दुकान बी जाना है."

* * *

आता देविदासभाऊ. वर्गात सगळ्यात मोठे, म्हणून मीही भाऊच म्हणते. झाडीपट्टीच्या नाटक मंडळीत ते प्रॉम्प्टर. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले की रोज नवं गाव, रोज नाटक, आणि विंगेतून नटांना वाक्यं पुरवायची. होळीला घरी जातात तेव्हा लहान मुलगी त्यांना बघून आईच्या मागे लपते. म्हणून हा कोर्स. बारा महिने घरी राहता येईल असं काम त्यांना हवं होतं. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही, त्यांच्या बायकोनं सांगितलं. स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की या माणसाची वाचा बसते.

बाकी हुशारी म्हणाल तर अशी. मी कॉमेंट शिकवत होते. ओळीच्या सुरुवातीला खूण केली की ती ओळ कॉम्प्युटर सोडून देतो, ती वाचणाऱ्या माणसासाठी असते. वर्ग माझ्याकडे कोरा बघत होता. देविदासभाऊ मान न उचलता म्हणाले, "हे कंसातलं होय. 'रडत', 'दचकून', असं. नटानं ते बोलाचं नसते."

वर्गाला लगेच समजलं. मी ते उदाहरण आजही माझं म्हणून वापरते.

* * *

चाचणीत मात्र त्यांनी माझं डोकं फिरवलं. इरफान एका ओळीवर अडला आणि विंगेतून यावं तसं हळू, स्पष्ट उत्तर आलं. मी डोळे वटारले. थोड्या वेळानं वनिता अडली, तिलाही मिळालं.

"देविदासभाऊ, ही परीक्षा आहे."

"समजते मॅडम. पण समोरचा अडकला का माह्या तोंडातून निघतेच."

मी त्यांना व्हरांड्यात बसवलं. तिथून आवाज आणखी स्वच्छ येऊ लागला.

तोंडी परीक्षेत त्यांची स्वतःची पाळी आली, तेव्हा प्रश्न ऐकून ते अडलेल्या नटासारखे विंगेकडे बघू लागले. तिथे आमचा पाण्याचा माठ होता.

* * *

दिवाळी तोंडावर आली. मंडळीचे मॅनेजर येऊन सांगून गेले, "येत अससीन त सांग, नाई त दुसरा पाहतो." त्याच आठवड्यात नागपूरच्या एका कंपनीचा, घरूनच करायच्या कामासाठी, ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. देविदासभाऊ आत एकटे, समोर लॅपटॉप. दाराबाहेर मी आणि अख्खा वर्ग.

आतून कंपनीच्या साहेबांचा आवाज आला, "स्वतःबद्दल सांगा."

शांतता. ती संपेचना. शेवटी वनितानं दाराच्या फटीला तोंड लावलं, "माझं नाव देविदास..."

"दाराबाहेर कोण बोलतंय?" साहेब म्हणाले. वनिता जागच्या जागी खाली बसली.

आणि मग आतून तो विंगेतला आवाज आला. हळू, स्पष्ट, एका लयीत.

"स्थळ, वडसा. कॉम्प्युटरचा वर्ग. देविदास खुर्चीवर बसला आहे. कंसात, फार घाबरला आहे."

साहेबांनी "काय?" म्हटलं, पण आवाज थांबला नाही. देविदासनं कोर्स कसा केला, लूप म्हणजे काय, त्याच्या प्रोग्राममध्ये चूक कुठे होती आणि ती त्यानं कशी काढली, सगळं त्याच चालीत बाहेर आलं. साहेब मध्ये मध्ये प्रश्न घालत होते, त्यांचीही वाक्यं नाटकाच्या पुस्तकात असल्यासारखी.

शेवटी ते म्हणाले, "हे काम तुम्हाला कशासाठी हवंय?"

"देविदास," आवाज म्हणाला आणि थांबला. "कंसात. घरी लहान मुलगी आहे. ती त्याला ओळखत नाही. हे साहेबांना कसं सांगावं, ते त्याला कळत नाही. डोळे पुसतो. पडदा."

आणि आतून लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

आम्ही दारातच उभे. तेवढ्यात माझा फोन वाजला. नागपूरहून साहेब.

"मॅडम," ते म्हणाले, "जरा पडदा उघडायला सांगा. माझं वाक्य राहिलंय."