दिराच्या नजरेसमोर काढलेले फोटो

आमच्या दवाखान्यातली नर्स दुसरं लग्न करतेय, हे तिनं मला लॅबचं दार लावून घेऊन सांगितलं. आणि त्याच दमात पुढचंही सांगितलं, "ताई, फोटो तुम्ही काढायचे."

मी रत्नागिरीतल्या एका खाजगी दवाखान्यात लॅब सांभाळते. कॅमेऱ्याचा नाद मला चाळिशीनंतर लागला. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, बारीक बारीक फुलं येतात, ती चिखलात कोपरं टेकून टिपायची, एवढीच माझी फोटोग्राफी. फूल कुठं पळून जात नाही. फोटो हलला तर दुसरा घ्यायचा. लग्नात तसं कुठून चालायला?

"एखाद्या स्टुडिओवाल्याला सांग ना," मी म्हटलं.

"माझ्या पहिल्या लग्नाचे ज्यानं काढले, तो पालीचा. बाकीचे त्याचेच ओळखीचे. संध्याकाळच्या आत सासरी कळेल."

तिचं सासर पालीच्या आतल्या बाजूला. नवरा मुंबईत कामाला होता, तिकडेच काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. ती रत्नागिरीत खोली घेऊन राहिली, नोकरी धरली, सणावाराला सासूकडे जाऊन यायची. आता वेळणेश्वरला खानावळ चालवणाऱ्या एका विधुराशी तिचं जमलं होतं. दिराच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्यानं फोन करून एकच वाक्य ऐकवलं होतं, "लगीन कसं लागतं तेच बघतो." तारीख मात्र त्याला ठाऊक नाही, अशी तिची समजूत होती.

मी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. आधी फक्त कॅमेऱ्याची भीती होती. मग दिराचीही वाटायला लागली. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो मनात वाटेल तेवढा मोठा व्हायचा.

लग्नाच्या सकाळी ती, तिचा भाऊ, वहिनी आणि मी गाडी करून निघालो. जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली. खाडी ओलांडेपर्यंत ती काचेतून मोटारसायकलवाल्यांकडे बघत होती. कुणी हेल्मेट काढलं की तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा. मी दुसऱ्या हातानं बॅटरी काढून बघत होते, परत घालत होते.

वेळणेश्वरच्या देवळात नवरा मुलगा आधीच आला होता. पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. पाहुण्यांचं जेवण स्वतःच बघून आला होता. त्याच्या हातांना अजून वाटणाचा वास होता. दोन्हीकडची मिळून पाच-पंचवीस माणसं. सभामंडपात अंधार, आणि बाहेर माडांच्या मधून डोळे दिपवणारं ऊन. माझे पहिले फोटो काळेकुट्ट आले. आकडे फिरवले तर पुढचे पांढरेफटक. घाम भुवयांवरून ओघळत होता आणि मला पुसायलाही सुचत नव्हतं.

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी नवरीच्या खांद्यामागून, अंतरपाटाच्या वरून, नवऱ्याच्या दिशेनं कॅमेरा धरला होता. तेवढ्यात त्याच्या मागे, दाराच्या उजेडात, दोन माणसं येऊन उभी राहिली. एक वाकलेली म्हातारी आणि एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस.

माझ्याशेजारी वहिनी पुटपुटली, "दीर."

भटजींना काही माहीत नव्हतं, ते म्हणत राहिले. भाऊ जागच्या जागी ताठ झाला. नवरीनं मान वर केली, तिला तो दिसला असणार, कारण हातातला हार थरथरायला लागला. तो माणूस खांबाशी आला, हाताची घडी घातली आणि उभा राहिला. मी थांबले असते तर सगळ्यांनी माझ्याकडे आणि मग तिकडे पाहिलं असतं, म्हणून मी बटण दाबत राहिले. प्रत्येक फोटोत नवऱ्याच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बघत होता. आता पुढे येईल, आता अंतरपाट ओढेल, असं वाटत असतानाच अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या. म्हातारीला कुणीतरी मूठभर दिल्या होत्या, तिनंही टाकल्या. त्याच्या हाताची घडी सुटली नाही.

हार घालून झाल्यावर नवरी त्या म्हातारीच्या, म्हणजे आपल्या पहिल्या सासूच्या, पाया पडली. सासूनं तिचा दंड चाचपला. "बारीक झालीस गो," एवढंच म्हणाली, आणि तिला जवळ घेऊन पायरीवर बसली. ते मी टिपलं.

मग तो सरळ माझ्याकडे आला.

"मॅडम, फोटो दाखवा."

भाऊ मध्ये आला. "काय काम आहे?"

"तुझ्याशी नाय काम." मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "गावात मी सांगून बसलोय, हे लगीन होऊ देणार नाय म्हणून. आईला तारीख कुठनं तरी कळली, ऐकेना. एकटी निघाली होती, म्हणून आणली. मी हितं आलोच नाय. मी दिसतोय ते सगळे पुसा."

"आईंचे?"

"तिचे राहू देत. तिचं ती बघेल."

मी पुसायला लागले. तो माझ्या खांद्याशी उभा, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. 'सर्व पुसून टाका' आणि 'हा पुसून टाका' ही दोन बटणं एकाखाली एक, आणि माझा अंगठा माझं ऐकत नव्हता. दर वेळी दाबण्याआधी मी थांबून वाचायचे. अंतरपाट खाली आला तो क्षण गेला. हार घातले तो गेला. त्या प्रत्येकात तो होता. शेवटी "झालं?" म्हणाला आणि आईला घेऊन न जेवता निघून गेला. मोटारसायकलचा आवाज पार बंद झाल्यावर भाऊ पानं मांडायला लागला.

पंगतीत बसल्यावर मी नवरीला खरं ते सांगितलं. मुख्य फोटो उरलेले नाहीत. मला रडू येत होतं.

"गेले तर गेले, ताई," ती म्हणाली. घास उचलताना भात पानावर सांडत होता. "हात नाही ना उचलला त्यानं. मला तर वाटलं, आज कुणाचं तरी डोकं फुटतंय."

मी त्यानंतर कुणाच्या लग्नात कॅमेरा नेलेला नाही. त्या दिवसाचे जे थोडे फोटो धड आले, त्यांतला पायरीवरचा तिनं खानावळीत लावलाय. सासू मध्ये दोनदा तिच्याकडे राहून गेली. आणायला-सोडायला दीरच येतो. गाडी रस्त्यावर उभी करतो, एकदा हॉर्न देतो. आत येत नाही. ती सांगते, हॉर्न वाजला की अजून हातातलं भांडं खाली ठेवावं लागतं, नाहीतर सांडतं.