संगमावरचं एकटं रोप

बायको वनस्पती-अभ्यासकांच्या देशभरच्या संस्थेची सभासद. गेल्या वर्षी त्यांचं अधिवेशन आम्ही राहतो त्या म्हैसुरातच भरलं, आणि शेवटच्या सहलीला तिच्याबरोबर मीही निघालो. मला तुळस आणि सब्जा वेगळे ओळखता येत नाहीत!

जवळच्याच टी. नरसीपूरला नद्यांच्या संगमाजवळच्या गवतात आमच्यातल्या एक आजी एकदम पालथ्या पडल्या. म्हैसूरच्याच जुन्या मराठी घरातल्या. घेरी आली असं वाटून मी धावलो, तर रेशमी साडीत लोळत त्या डोळ्याला भिंग लावून हसत होत्या.

"अय्यो, ये ये! बघ की!"

समोर मुगाएवढं निळं फूल. इथे ते आजवर कुणालाच दिसलं नव्हतं म्हणे!

संस्थेचे चिटणीस खुरपं घेऊन पळत आले. वाळवलेला नमुना नसेल तर शोध मानणार कोण? आजींनी हात आडवा घातला.

"आधी दुसरं शोधा."

मग देशभरचे विद्वान तान्ह्या बाळांसारखे रांगू लागले. मीही रांगलो. दुसरं मिळेना.

"एकटं आहे. उपटणं बेडा, नकोच," आजी म्हणाल्या. "बी पडू दे. पुढच्या वर्षी कोणीतरी येऊन बघा की." बघत मात्र होत्या माझ्याकडेच.

खुरपं मुकाट पिशवीत गेलं.

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. काल सुट्टी होती. स्कूटर काढून थेट संगमावर गेलो आणि इस्त्रीच्या शर्टानिशी पालथा पडलो. अशी आरोळी ठोकली की घाटावरची माणसं पाणी घेऊन धावली. त्यांना वाटलं, मला घेरी आली.

"दुसरं सापडलं!" मी ओरडत होतो. "दुसरं सापडलं!"