दुकानातले पाहुणे

“असली गिऱ्हाइकं येतेत का तुमच्याकडं?” ताज्या पॉलिशच्या वासाने नाक मुरडत मुलाची आई दाराकडे बघून पुटपुटली. मला बघायला आलेल्या पाहुण्यांना बाबांनी लातूरच्या आमच्या फर्निचरच्या दुकानातच, नव्या सोफ्यावर बसवलं होतं. बाहेर टेम्पो थांबवून एक बाई दारात अवघडून उभी होती. दुकानामागच्या, बिहारहून आलेल्या फरशी कामगारांच्या वस्तीतली. “लग्नानंतर दुकानात बसायचं न्हाई बरं का,” मुलाच्या आईने मला बजावलं. बाबांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. एरवी मी गप्पच असते. आजही पॉलिशचा वास आला की माझा तेव्हाचा आवाज ऐकू येतो: “काकू, जरा उठता का? हा सोफा दारातल्या त्या ताईंनी घेतलाय.”