माझ्या पाठीवर कोणी नाही

आमच्याकडे मुलीचा पाठगुण बघतात. तिच्या पाठीवर मुलगा झाला तर पाठगुण चांगला, मुलगी झाली तर बेताचा. माझ्या पाठीवर दोन बाळं आली. एक पिवळंजर्द जन्मलं आणि बारशाआधीच गेलं. दुसरं पोटातच थांबलं. तेव्हा माझ्या पाठगुणाला काय म्हणायचं, हे नरडाण्याजवळच्या आमच्या गावात कोणालाच सुचलं नाही. तोंडावर कोणी बोललंही नाही. गावात एखाद्या बाईला दिवस गेले आणि ओटी भरायला पोरीबाळी गोळा झाल्या, की एखादी काकू मला हाताला धरून ओट्यावर बसवायची. "तू बस बाय, दमनी व्हशी." मी दमलेली नसायचे.

श्रावणात कानबाई बसते. तिच्या रोटांचं धान्य आमच्यात घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने काढतात, मुठीने. काकांकडे परात भरायची. आमच्या घरी वडिलांच्या नावाची मूठ पडली की आई हात झटकायची आणि उठायची. बाईमाणसाच्या नावाची मूठ का नाही, याचा संताप मला जळगावला कॉलेजात गेल्यावर आला. त्याआधी नुसती ती परात दिसायची.

जळगावला मी चळवळीत पडले. खोली घेऊन राहिले, अजून तिथेच आहे. पत्रकं लिहायची, छापून आणायची, एस.टी. स्टँडवर आणि बाजारात वाटायची. लोक ती घेतात, घडी करतात आणि पुढे जाऊन त्यांच्यावर भजी खातात. सोबतचे एकेक करून नोकरीला लागले. मी वाटतेच आहे. आम्हाला शिकवलं होतं की पत्रकाची वाक्यं लहान ठेवायची आणि दोषी कोण ते पहिल्याच ओळीत सांगायचं. मला ते बरं जमतं.

गरोदर बायकांच्या रक्ततपासणीवरचं पत्रक माझ्याकडे लिहायला आलं तेव्हा ते जमेना. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन धुळ्यात झालं तेव्हा तिचा रक्तगट निगेटिव्ह असल्याचं आम्हाला कळलं होतं. माझा पॉझिटिव्ह. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, पण वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. पत्रकासाठी वाचायला बसले आणि त्या शेजारी येऊन बसल्या.

प्रतिपिंड, म्हणजे ज्याला सगळे अँटिबॉडी म्हणतात, ते दिसायला बेचक्यासारखं असतं. फैजपूरकडे केळीला घडाचा भार झाला की झाड पडू नये म्हणून बेचक्याची काठी लावतात, तसं. प्रथिनाच्या चार साखळ्या एकमेकींना बांधलेल्या, दोन लांब आणि दोन आखूड. वरच्या दोन टोकांना एकसारखी खाच. ही खाच दर जातीच्या प्रतिपिंडाची वेगळी असते आणि परक्याच्या एका ठरावीक खुणेतच अडकते. खालचा दांडा मात्र बहुतेकांचा सारखाच. प्रतिपिंड स्वतः सहसा कोणाला मारत नाही. ते धरून ठेवतं, आणि दांडा बाकीच्यांना सांगतो की इथे परका आहे, या आणि घेऊन जा. शरीर हे एकदा शिकलं की विसरत नाही. तोच परका पुन्हा आला तर जुन्या आठवणीची पेशी लगेच ढीगभर बेचकी बनवते. देवीपासून गोवरापर्यंत सगळ्या लशी या आठवणीवरच चालतात.

आता आईचं. निगेटिव्ह म्हणजे तिच्या तांबड्या पेशींवर डी नावाची खूण नाही. माझ्या पेशींवर आहे, वडिलांकडून आलेली. मी जन्मले तेव्हा वार सुटताना माझं थोडं रक्त तिच्या रक्तात गेलं. तिच्या शरीराने कधी न पाहिलेली खूण पाहिली आणि बेचकी बनवायला घेतली. सुरुवातीची बेचकी पाच पाच एकत्र बांधलेली असतात, ही मोळी वारेतून पलीकडे जात नाही. नंतरची सुटी असतात. त्यांना वार दांड्याने धरून स्वतः बाळाकडे पोचवते. ही खरं तर सोय आहे. आईने सोसलेल्या दुखण्यांची तयारी बाळाला आयती मिळते. मलाही मिळाली. माझ्यामागून आलेल्यांना त्याच वाटेने डी ओळखणारी बेचकी मिळाली. त्यांच्याही पेशींवर डी होती. त्यांचं रक्त आईच्याच पहाऱ्याने मोडून काढलं.

तो पहारा शिकवला कोणी, तर मी.

म्हणजे ओट्यावर बसवणाऱ्या काकवा काहीही न शिकता बरोबर होत्या. मी जळगावच्या खोलीत कोरा कागद पुढे घेऊन बसले होते आणि पहिली ओळ लिहिता येत नव्हती. हे सांगायला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. त्यांनाच तर सांगायचं होतं.

उपाय साधा होता आणि आहे. बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यायचं. त्यात डीविरुद्धची तयार प्रतिपिंडं असतात. बाळाच्या चुकार पेशी ती आधीच गाठतात, आईचं शरीर शिकायच्या आत त्या निघून जातात. उसनी प्रतिपिंडंही काही काळाने विरतात. मागे काही राहत नाही.

आई आता धुळ्यात राहते. तिथे गेले तेव्हा तिला विचारलं. ती गिलकी चिरत होती.

"मी झाले तेव्हा तुला इंजेक्शन द्यायचं बोलले होते का कोणी?"

"डॉक्टर बोलना व्हता काहीतरी. धुळ्याहून आनाले सांगे. तुनी आजी बोलनी, पाचवी व्हऊ दे, मंग देखू."

"मग?"

"मंग पाचवी व्हयनी," आई म्हणाली आणि पुढचं गिलकं घेतलं.

पाचवी म्हणजे जन्मानंतरच्या पाचव्या दिवसाची पूजा. तोवर बाळंतिणीच्या खोलीत फार ये-जा नको, सुईबिई नको, जे काय ते पाचवीनंतर. इंजेक्शनला तीन दिवस आणि रीत पाच दिवसांची. माझी दोन भावंडं या मधल्या फटीत पडली. पत्रकाची पहिली ओळ मला त्या दिवशी मिळाली: पाचवीची वाट पाहू नका. पत्रक छापलं, साक्री-पिंपळनेरच्या बाजारातही वाटलं. त्याच्यावरही लोकांनी भजी खाल्ली असणार.

मागच्या वर्षी पिंपळनेरहून मामाचा फोन आला. मामेबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगी होऊन दोन दिवस झाले होते. मी आधी रक्तगट विचारला, मग अभिनंदन केलं. मामा हसला. मग त्याने सांगितलं. पोरगी निगेटिव्ह, नात पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलंय, तिथे संपलंय, धुळ्याला मिळेल. "तुनी मामी सांगस, पाचवीले जावाई येतीन, त्यास्ले सांगू आनाले."

मी तशीच निघाले. धुळ्याला औषधाच्या दुकानात बर्फाच्या डब्यात ते घेतलं. आईला म्हटलं, डबा घेऊन जाते. ती पदर खोचून चप्पल घालू लागली. आम्ही पिंपळनेरची बस धरली. डबा तिने मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी.

मामी दारातच होती.

"या पत्रकवाल्या बाई. इतली घाई कसाची?"

"मामी, उद्या उशीर होईल."

"बाळ गुटगुटीत शे, बाळंतीण झोपेल शे. मंग सुई कसाले?"

मी सांगायला लागले. खूण, पेशी, आठवण, पुढचं बाळ. मला वाटतं मी चांगलं सांगत होते. मामीने ऐकूनही घेतलं.

"पुढलं बाळ पुढं. आते सासरले कळनं का पोरीना रगतमा खोट शे, तर मी काय सांगू? फैजपूरना लोक शेतस, नावं ठेवाले टपेल. तुले काय, तुले सासर नही, पाठवर कोनी नही. तू वाट पत्रकं."

मी चिडून म्हणाले, "खोट कुणाच्याच रक्तात नाही. खोट या पाचवीत आहे." आणि लगेच कळलं की हे पत्रकातलं वाक्य आहे आणि ते दारातच पडलं. मामीचा चेहरा बंद झाला. मामा टोपी नीट करत बसला. माझ्याकडे आणखी वाक्यं होती, सगळी तशीच.

तेव्हा आई पुढे झाली. ती भावाच्या घरी कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"वहिनी, हिना पाठगुण तू बी काढे ना?"

मामीने दाराच्या चौकटीवरचा हात काढला.

"काढे. मी बी काढे. मनमा काढे." आई माझ्याकडे बघत नव्हती. "हिना काही दोष नव्हता. माले सुई दिन्ही नही, पाचवीनी वाट देखी. तुनी नातले असं कोनी सांगाले नको, की तुना पायी भावंडं गयात."

मामीने डब्याकडे पाहिलं. मग आत वळून मोठ्याने म्हणाली, "उठ वं पोरी, दवाखानामा जानं शे." आणि माझ्याजवळून जाताना, हळू: "जावाईले मी सांगसू, तू बोलू नको."

इंजेक्शन झालं. नर्सबाईंनी कापूस दाबून धरला, मामेबहीण म्हणाली, "बस, इतलंच?" इतकंच. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. आई इतकी वर्षं मनात माझा पाठगुण काढत होती. ते मला कधीच कळलं नव्हतं. ती माझ्या शेजारी होती, तिचा खांदा लागत होता.

यंदा मामेबहिणीला पुन्हा दिवस गेले. अँटिबॉडीची तपासणी झाली, रक्तात काही सापडलं नाही. शरीर काही शिकलंच नव्हतं. या खेपेलाही डॉक्टरांनी इंजेक्शनाची वेळ सांगून ठेवली आहे, आणि मामीने ती जावयाला स्वतः सांगितली. ओटीभरणाला आई आणि मी पिंपळनेरला गेलो. मामी पहिल्या नातीला कडेवर घेऊन बायकांत मिरवत होती. ती पोर अजून धड चालतही नाही.

"हिना पाठगुण चांगला शे बरं का," मामी सगळ्यांना सांगत होती. "देखा तुम्ही."

माझ्या ओठांवर आलं होतं की श्रेय सुईचं आहे. शिवाय पाठीवर मुलगी झाली तर काय करणार, तेही विचारायचं होतं. ती पोर मामीच्या नथीशी खेळत होती. एक काकू म्हणाली, "ये वं, तू बी ओटी भर," आणि तांदळाचं सूप माझ्याकडे सरकवलं. मी भरली. ते मी आधी कधी केलंच नव्हतं.

परतताना साक्रीच्या अलीकडे आईने विचारलं, "ते औषध करतस कशानं?"

मी सांगितलं. ज्यांच्या रक्तात डीविरुद्धची प्रतिपिंडं आधीच आहेत, त्या माणसांच्या रक्तातून ती काढतात. डी असलेलं रक्त टोचून मुद्दाम तयारी करवून घेतलेले पुरुष असतात त्यात. आणि तुझ्यासारख्या बाया असतात.

"मन्हासारख्या?"

"ज्यांची बाळं गेली त्या."

तिने हातातलं तिकीट दुमडलं. मग म्हणाली, "मंग मन्ह बी रगत चालनं असतं."

"चाललं असतं, आई."

"कोनी मन्हाकडे मांगं नही," आई म्हणाली.

धुळ्याला ती उतरली. मी तशीच पुढे जळगावला आले. खोलीचं कुलूप काढलं, उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा दारामागे होता, तो उचलून उद्याच्या बाजारासाठी टेबलावर ठेवला.