चंद्रावर मारलेला फ्लॅश

मी एकदा चंद्रावर फ्लॅश मारला होता. एकदा कसला, चारदा. अंधारात फोटो काढायचा तर फ्लॅश लावायचा, एवढंच भावाने शिकवलं होतं, आणि चंद्र अंधारातच होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, म्हणजे अक्कल तशी पुरती आलेली होती. माझ्या नाती हे ऐकून पोट धरून हसतात. मीही हसते. इथवर गोष्ट हसण्याचीच आहे.

भाऊ ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी तो आपला कॅमेरा घेऊन आलापल्लीला घरी आला आणि परत जाताना माझ्या हट्टापायी ठेवून गेला. रोलमध्ये चार फोटो उरले होते. काढलेल्या बत्तीसांत सगळी वस्ती होती, आमचे बाबा होते, निळे झेंडे होते, मी तर सहा वेळा होते. माय एकातही नव्हती. ती मिरवणुकीतल्या लोकांसाठी भात शिजवत होती.

"त्यातले दोन माह्यासाठी ठेव," ती म्हणाली. "पुनवंले पांढरं लुगडं नेसीन, तवा काढ."

"काऊन माय, एवढी हौस?" मी चिडवलं.

"हौस नाई वं. माही माय मेली तवा मी चार वर्साची होती. तिचं तोंड मले आठोतच नाई. कोणापाशी फोटो नाई. तुह्या पोरीले माहं तोंड तरी दिसन."

मी हो म्हटलं. दोन मायचे, दोन चंद्राचे, असा हिशेब ठरला. कारण त्याच चैत्री पौर्णिमेला ग्रहण होतं आणि चंद्र ग्रहणातच उगवणार होता. शेजारच्या काकूने दुपारपासूनच भांड्यांवर तुळशीपत्रं ठेवली होती, गरोदर सुनेला आत कोंडलं होतं. आमच्या बाबांनी मुद्दाम ग्रहणातच अंगणात जेवायला बसायचं जाहीर केलं होतं. आणि मी पृथ्वीच्या सावलीचा फोटो विहारात टांगून एका दमात सगळ्या गावाचं अज्ञान घालवणार होते. असा माझा त्या वयातला रुबाब.

दिवेलागणीला विहारातली वंदना आटोपून माय आली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. अंगणातल्या खाटेवर ताठ बसली.

"काढतं आता?"

"थांब न माय. चंद्र थांबणार नाही. तू तर इथंच आहेस."

हे वाक्य माझंच आहे.

ती रागावली नाही. उलट निंबाची फांदी चंद्राच्या आड येत होती, तर उठून ती फांदी बाजूला ओढून माझ्याशेजारी उभी राहिली. मी दोन फोटो काढले. मग सावली सरकली, चंद्र आधीपेक्षा छान दिसायला लागला, म्हणून तिसरा काढला. रोल नीट लावला की छत्तिसाच्या पुढे एखाद-दोन जास्तीचे निघतात, असं भाऊ म्हणाला होता. त्या भरवशावर चौथाही काढला. त्यानंतर खटका पुढे सरकेना. मी कॅमेरा हलवला, कानाशी लावला.

"झालं?" मायनं विचारलं. फांदी अजून तिच्या हातात होती.

"रोल संपला."

तिनं फांदी सोडली. "मंग पुढच्या पुनवंले," म्हणाली, आणि बाबांसाठी भात वाढून आणायला आत गेली.

पुढची पौर्णिमा बुद्धजयंतीची. तिच्या चार दिवस आधी मायला थंडी वाजून ताप आला. हिवताप डोक्यात गेला, असं दवाखान्यात सांगितलं. तेव्हा ती कोणाला ओळखत नव्हती. पांढरं लुगडं आम्ही नेसवलं.

रोल चंद्रपूरला धुवायला दिला तेव्हा मला आशा होती. मिरवणुकीच्या एखाद्या फोटोत ती मागे कुठेतरी असेल, पाणी देताना, चुलीजवळ. बत्तीसच्या बत्तीस फोटो मी घरी भिंग लावून पाहिले. भावाने पाहिले. ती नव्हती.

मग शेवटचे चार. तीन काळे, त्यांत तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. सावली, पृथ्वी, विज्ञान, काही नाही. फ्लॅशचा उजेड चंद्रापर्यंत जात नाही, चार-सहा हातांवर संपतो, हे मला फोटोवाल्याने समजावलं होतं. चौथा फोटो काढताना माझा हात हलला असावा. त्यात निंबाची पानं लख्ख उजळली होती, आणि फोटोच्या कडेतून एक हात आत आला होता. कोपरापर्यंत. काचेच्या बांगड्या, मनगटावर चटक्याचा डाग, फांदीवर आवळलेली बोटं. इतका स्पष्ट की नखं मोजावीत. कोपराच्या पुढे फोटो संपत होता.

बाबांनी तो खिडकीजवळ नेला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ पाहिलं.

"हात त तिचाच हाये," ते म्हणाले. फोटो माझ्या हातात दिला, आणि म्हणाले, "थोडं वरतं पाह्य न बाई, तोंडही असन कुठीतरी."